आप्तांना भाड्याने दिलेले घर

(प्रतापनगर, बडोदे येथील मराठी कुटुंबांसाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



प्रतापनगरची ओळख रेल्वेशी जोडलेली आहे. 1862 साली गायकवाड संस्थानाने डभोई ते मियागाम असा बैलांनी ओढावयाच्या गाड्यांचा अरुंद लोहमार्ग सुरू केला. पुढे वाढलेल्या त्या जाळ्याचे प्रतापनगर हे एक प्रमुख केंद्र बनले आणि आज पश्चिम रेल्वेच्या वडोदरा विभागाचे कार्यालयही येथेच आहे. संस्थानच्या व रेल्वेच्या नोकरीनिमित्त अनेक मराठी कुटुंबे बडोद्यात स्थायिक झाली. वडिलांनी निवृत्तीच्या पैशांतून घर बांधावे, मुलांनी नोकरीसाठी पुणे-मुंबई गाठावी आणि मागे राहिलेले घर भावाने, भाच्याने किंवा जावयाने सांभाळावे, हा अशा कुटुंबांतील परिचित क्रम आहे. घर कोणी सांभाळावयाचे हे चटकन ठरते. कोणत्या नात्याने सांभाळावयाचे हे मात्र सहसा ठरत नाही. आजचा विषय तोच आहे.

एक नमुन्याचे उदाहरण

उदाहरणादाखल असे समजावे की, थोरल्या भावाने स्वकमाईतून प्रतापनगरात घर घेतले व बदली झाल्यावर ते धाकट्यास राहावयास दिले. ‘भावाभावांत भाडे कसले?’ असे म्हणून काही ठरविले नाही. धाकटा घरपट्टी भरू लागला आणि दर दिवाळीस थोरल्याच्या हाती काही रक्कम देऊ लागला. कुटुंब वाढले, तेव्हा त्याने स्वखर्चाने माडीवर एक खोलीही चढविली. पंधरा वर्षांनी थोरला निवृत्त होऊन परतू लागला. तो म्हणतो, घर केवळ राहावयास दिले होते. धाकटा म्हणतो, भाडे दिले आणि खोलीही बांधली. दोघेही खरेच बोलतात. परंतु कागद कोणाकडेच नाही.

कायदा काय पाहतो?

1882 च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 105 नुसार, ठरावीक मोबदल्याच्या बदल्यात स्थावर मालमत्तेच्या उपभोगाचा हक्क देणे म्हणजे भाडेपट्टा होय. त्याच वर्षीच्या सुखाधिकार अधिनियमाच्या कलम 52 मध्ये केवळ परवानगीने राहण्याची, म्हणजे अनुज्ञप्तीची, व्याख्या आहे. भाडेपट्ट्याने मालमत्तेत हक्क निर्माण होतो, परवानगीने होत नाही. दस्तऐवजास कोणते नाव दिले आहे यावर निकाल अवलंबून नसतो. पक्षांचा हेतू व प्रत्यक्ष व्यवहार न्यायालय पाहते. म्हणूनच दिवाळीची रक्कम भाडे होती की भाऊबंदकीतील प्रेमाची भेट, या एका प्रश्नावर सारा वाद येऊन ठेपतो.

बारा वर्षे राहिले की घर आपले होते, असा एक समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. मुदत अधिनियमातील बारा वर्षांची तरतूद मालकाच्या विरोधात असलेल्या ताब्याविषयी आहे, परवानगीने मिळालेल्या ताब्याविषयी नाही. गोव्यातील एका बहीण-भावाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली हेच स्पष्ट केले. विनामोबदला राहावयास दिलेल्या आप्तास कितीही वर्षे गेली तरी मालकी मिळत नाही, असे त्या निर्णयात म्हटले आहे.

मात्र माडीवरील खोलीचा प्रश्न निराळा आहे. परवानगीने राहणाऱ्याने त्या परवानगीच्या आधारे पदरचा खर्च करून कायम स्वरूपाचे बांधकाम केले असेल, तर ती परवानगी मागे घेता येत नाही, असे सुखाधिकार अधिनियमाचे कलम 60 सांगते. तेव्हा थोरल्याने बांधकामास मूक संमती देणे आणि धाकट्याने लेखी संमतीशिवाय पैसा घालणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच धोक्याच्या आहेत.

दोन राज्यांचे दोन नियम

बडोदे संस्थान 1 मे 1949 रोजी मुंबई राज्यात विलीन झाले आणि 1 मे 1960 रोजी गुजरात व महाराष्ट्र ही राज्ये अस्तित्वात आली. दोन्हीकडील भाडे-कायद्याचे मूळ 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण अधिनियमात आहे. परंतु पुढे वाटा वेगळ्या झाल्या. महाराष्ट्रात 31 मार्च 2000 पासून 1999 चा भाडे नियंत्रण अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम 55 नुसार भाड्याचा अथवा ‘लीव्ह अँड लायसन्स’चा करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. करार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणी चुकत नाही. अकरा महिन्यांची प्रथा पडली ती एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यास नोंदणी आवश्यक करणाऱ्या केंद्रीय तरतुदीमुळे. पुण्यात राहणाऱ्या मालकाने बडोद्याच्या घराविषयी पुण्याचा नियम, किंवा बडोद्याच्या आप्ताने पुण्यातील सदनिकेविषयी येथील रिवाज गृहीत धरू नये. घर जेथे, कायदा तेथला.

वडिलोपार्जित घर

घर वडिलांच्या नावे असून त्यांच्या मृत्यूनंतर वाटणी झाली नसेल, तर एकट्या भावाने ते भाड्याने देऊन भाडे स्वतःकडे ठेवणे योग्य नाही. भाड्यावर सर्व वारसांचा आपापल्या हिश्श्याप्रमाणे हक्क असतो. राहत्या घराची वाटणी मागण्यास मुलींवर असलेले बंधन 2005 च्या दुरुस्तीने हिंदू उत्तराधिकार अधिनियमातून काढून टाकण्यात आले आहे. सासरी गेलेल्या बहिणीची सही ही आता उपचाराची बाब राहिलेली नाही.

आयकर व नोकरीचे नियम

मुलाने आईवडिलांच्या घरात राहून त्यांना भाडे देणे गैर नाही. जुन्या करप्रणालीत त्यावर घरभाडे भत्त्याची सवलतही मिळते, परंतु व्यवहार खरा असावयास हवा. आईला भाडे दिल्याचा एक दावा पुराव्याअभावी मुंबईच्या आयकर अपील न्यायाधिकरणाने 2017 साली अमान्य केला. भाडे बँकेमार्फत द्यावे, पावती घ्यावी, आणि आईवडिलांनी ते आपल्या विवरणपत्रात दाखवावे. त्यांना भाड्याच्या उत्पन्नातून घरपट्टी वजा जाता 30 टक्के प्रमाणित वजावट मिळते. आप्त म्हणून नाममात्र भाडे घेतले, तरी कर आकारताना त्या घरास मिळू शकणारे वाजवी भाडे विचारात घेतले जाते, हेही ध्यानात ठेवावे.

सरकारी व रेल्वे कर्मचाऱ्यांनी आणखी एक पथ्य पाळावे. मिळालेले क्वार्टर पोटभाड्याने देता येत नाही. घेणारा सख्खा मेहुणा असला तरी नाही. आईवडिलांना मिळालेल्या सरकारी निवासस्थानात राहणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यास घरभाडे भत्ताही मिळत नाही.

कागदात काय असावे?

घर भाड्याने दिले की परवानगीने, भाडे किती व कोणत्या तारखेस, मुदत किती, घरपट्टी, वीज व दुरुस्ती कोणाकडे, बांधकामास लेखी संमती लागेल काय व त्याच्या खर्चाचे काय, दोघांपैकी कोणी मृत्यू पावल्यास पुढे काय, आणि घर रिकामे करावयाचे झाल्यास किती दिवसांची सूचना द्यावयाची, एवढ्या गोष्टी लिहिल्या तरी बहुतेक वाद टळतात. महिन्याच्या भाडेपट्ट्यास, वेगळे ठरले नसल्यास, किमान पंधरा दिवसांची नोटीस लागते. आप्तासाठी ती मुदत सहा महिने ठरविण्यास कायद्याची आडकाठी नाही. माया दाखवावयाची ती अशा अटींत दाखवावी.

वरील उदाहरणातील दोघा भावांनी पहिल्याच दिवाळीस असा कागद केला असता, तर थोरल्यास भावावर दावा लावण्याची व धाकट्यास वहिनीसमोर पावत्या शोधण्याची वेळ आली नसती. नात्यात लिहून घेणे म्हणजे अविश्वास, अशी आपल्याकडील समजूत आहे. वस्तुतः प्रेम असताना लिहिलेला कागदच प्रेम टिकविण्यास उपयोगी पडतो. बेबनाव झाल्यावर लिहिला जातो तो केवळ वकिलाचा नोटिशीचा कागद.