हौस आणि साधना : माया डेरेन यांची चित्रसृष्टी

(सुवर्णमहोत्सवानिमित्त मंडळात दिलेल्या व्याख्यानाचा गोषवारा)



आपल्या मंडळांच्या नाट्यप्रयोगाच्या निमंत्रणपत्रिकेत एक वाक्य हटकून आढळते : हा हौशी कलावंतांचा प्रयत्न आहे, रसिकांनी गोड मानून घ्यावा. ‘हौशी’ या शब्दाबरोबर ही क्षमायाचना का यावी? या प्रश्नाचा विचार करताना मला एका अभिनेत्रीचे स्मरण होते. त्यांचे नाव माया डेरेन.

माया हे त्यांचे जन्मनाव नव्हे. १९१७ साली कीव्ह येथील एका ज्यू कुटुंबात जन्मलेली ही एलिओनोरा. १९२२ मध्ये आईवडिलांनी मायभूमी सोडून अमेरिका गाठली. ‘माया’ हे आपल्याकडचे नाव त्यांनी १९४३ मध्ये धारण केले. बुद्धाच्या मातेचे नाव आणि जगाचा भास, असे दोन्ही अर्थ त्यात सामावले होते.

त्याच वर्षी लॉस एंजेलिसमधील राहत्या घरात, पती अलेक्झांडर हामिद यांच्या साहाय्याने, त्यांनी ‘मेशेस ऑफ द आफ्टरनून’ हा चौदा मिनिटांचा चित्रपट निर्माण केला. सोळा मिलिमीटरचा साधा कॅमेरा, खर्च सुमारे २७५ डॉलर, आणि नायिका स्वतः माया. संवाद एकही नाही. एक किल्ली, एक सुरी, एक फूल आणि चेहऱ्याच्या जागी आरसा असलेली एक काळी आकृती, एवढीच सामग्री. डुलकी लागलेली नायिका स्वप्नात स्वतःचीच अनेक रूपे पाहते. त्यांतील एक रूप सुरी घेऊन उठते आणि चार पावले चालते. पण एक पाऊल वाळूवर, एक गवतावर, एक फरसबंदीवर, एक गालिच्यावर पडते. खोलीतले अंतर जणू खंडांचे होते. ज्यांनी गाव सोडले आहे, त्यांना या पावलांचा अर्थ समजावून सांगावा लागू नये.

‘ॲट लँड’ (१९४४) मध्ये समुद्र या नायिकेला किनाऱ्यावर टाकून मागे सरतो. ती मेजवानीच्या लांबलचक टेबलावरून सरपटत जाते आणि भोवतालच्या प्रतिष्ठितांपैकी एकही मान तिच्याकडे वळत नाही. उपऱ्याचे दुःख एका शब्दाविना, केवळ देहाच्या हालचालींतून त्यांनी साकार केले.

असे चित्रपट व्यावसायिक चित्रगृहे दाखवीनात. तेव्हा १९४६ मध्ये न्यूयॉर्कमधील प्रॉव्हिन्सटाउन प्लेहाउस हे छोटे नाट्यगृह भाड्याने घेऊन त्यांनी स्वतःच खेळ लावले. त्याच वर्षी त्यांना गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली. पुढे ज्याला ‘भूमिगत चित्रपट’ हे नाव पडले, त्या परंपरेची वाट अशी मळली गेली.

हौशी कलावंताची त्यांनी लेखणीनेही पाठराखण केली. इंग्रजीतील ‘ॲमॅच्युअर’ या शब्दाचे मूळ ‘प्रेम करणारा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे, याकडे त्यांनी लक्ष वेधले. हौशी माणसाजवळ पैसा नसतो, पण त्याच्यावर गल्ल्याचे आणि ठरलेल्या कथानकाचे बंधनही नसते. हे स्वातंत्र्यच त्याचे भांडवल, असे त्यांचे प्रतिपादन होते.

या स्वातंत्र्याची किंमत त्यांनी मोजली. आर्थिक ओढाताण अखेरपर्यंत सुटली नाही. १९६१ मध्ये, अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, त्या निवर्तल्या. १९९० मध्ये ‘मेशेस’चा समावेश अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट सूचीत झाला, तो पाहण्यास त्या नव्हत्या.

मित्रहो, पन्नास वर्षे या मंडळाचा पडदा दिवसभराची नोकरी आटोपून तालमीला येणाऱ्या माणसांनीच वर उचलला आहे. तेव्हा पुढच्या निमंत्रणपत्रिकेतून ते क्षमायाचनेचे वाक्य गाळावे आणि ‘हौशी’ हा शब्द मात्र ठळक अक्षरांत छापावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.