जुनी मोटारसायकल चढ कां चढत नाहीं?



एखादी जुनी मोटारसायकल किक मारतांच सुरू होते, उभी असतांना आवाजहि ठीक देते; परंतु रस्त्यावर तिच्यांत पूर्वींचें बळ राहिलेलें नसतें. सपाटीवर ती कशीबशी चालते, आणि वसई रोडच्या रेल्वे पुलाचा चढ लागला, कीं मागून कोणी दोर बांधून ओढीत असल्याप्रमाणें रेंगाळूं लागते. मालक तिला गॅरेजांत नेतो. तेथें कार्बोरेटर धुतला जातो, नवा प्लग बसतो, दोन दिवस बरें वाटतें आणि तिसऱ्या दिवशीं गाडी पुनः मूळपदावर येते. मग सल्लागारांना तोटा नसतो. कोणी म्हणतो रिंगा गेल्या, कोणी म्हणतो कॉइल बदला, कोणी म्हणतो हल्लींच्या पेट्रोलांतच राम उरलेला नाहीं. एकामागून एक सुटे भाग बदलतां बदलतां बरेच पैसे खर्च होतात आणि अखेर गाडी भंगारवाल्याच्या स्वाधीन होते. माझें आजचें सांगणें एवढेंच आहे, कीं अशा पुष्कळ गाड्या भंगारांत जातात त्या दुरुस्त होण्याजोग्या नव्हत्या म्हणून नव्हे, तर त्यांच्या दोषाचा तपास कोणीं क्रमानें केला नाहीं म्हणून.

शहरांतील हौशी मंडळी जुनी बुलेट किंवा येझदी घांसूनपुसून रविवारीं बाहेर काढतात. ती महिनाभर बंद राहिली तरी त्यांचें कांहीं अडत नाहीं. पापडीच्या आसपासच्या वाड्यांतून मात्र फुलें आणि भाजी पहांटे स्टेशनावर पोंचवावयाची असते, आणि लोकल कोणाच्या मोटारसायकलीसाठीं थांबत नाहीं. दादरच्या बाजारांत उशिरां पोंचलेल्या फुलांना काय भाव मिळतो, हें वाडीवाल्यालाच विचारावें. त्याच्या दृष्टीनें चाळीस वर्षांची गाडी ही हौस नसून घरांतील एक कमावतें माणूस आहे.

तपासाचा पहिला प्रश्न इंजिनाचा नाहींच. गाडी खरोखरच अशक्त आहे, कीं तिला कोणीतरी अडवून धरलें आहे, हें आधीं पाहावें. गाडी मधल्या स्टँडवर चढवून, गिअर सोडवून मागचें चाक हातानें फिरवावें. तें दोन-चार फेरे सहज फिरलें पाहिजे. ब्रेक चिकटलेला असेल, चेन सुकून कडक झाली असेल किंवा टायरमध्यें हवा कमी असेल, तर उत्तम इंजिनसुद्धां दुबळें भासतें. त्यानंतर क्लच. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो, पण वेग वाढत नाहीं, असें झालें म्हणजे इंजिन आपलें काम चोख करीत आहे आणि क्लच घसरून तें वायां घालवीत आहे, असें समजावें. पुष्कळदां क्लचची वायर थोडी सैल केली, कीं एवढ्यानेंच काम भागतें. या परीक्षेला एक पैसा लागत नाहीं, म्हणूनच कीं काय, ती सहसा कोणी घेत नाहीं.

येथें सर्व कांहीं ठीक निघालें, तर मग इंजिनाकडे वळावें. जर्मनींत ओटोनें १८७६ सालीं चार स्ट्रोकचें इंजिन चालवून दाखविलें, तेव्हांपासून आजतागायत या यंत्राच्या मागण्या चारच आहेत: हवा, पेट्रोल, वेळेवर पडणारी ठिणगी आणि सिलिंडरमधील दाब. चौघांपैकीं कोण गैरहजर आहे याची पहिली साक्ष प्लग देतो. गाडी ज्या स्थितींत दम टाकते त्याच स्थितींत ती चालवावी, लागलीच इंजिन बंद करून क्लच दाबावा, बाजूला उभी करावी आणि प्लग काढून पाहावा. तोंड फिकट तपकिरी असेल तर मिश्रण ठीक आहे. पांढरें फटक असेल तर पेट्रोल कमी किंवा हवा जास्त. कोरडें काळें काजळ असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. आणि काळें परंतु तेलकट असेल तर ऑइल वर चढत आहे. हिंदुस्थानांत १ फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल सर्वत्र बंद झालें. त्यानंतर प्लगवरचा रंग जुन्या पुस्तकांत वर्णिला आहे त्याहून फिकाच दिसतो, हें लक्षांत ठेवावें.

ठिणगीविषयीं एक मोठा गैरसमज आहे. प्लग बाहेर काढून सिलिंडरला टेकवावा, किक मारावी, निळी ठिणगी दिसली कीं "करंट आहे" असा निकाल द्यावा, ही सर्वत्र रूढ पद्धति आहे. परंतु उघड्या हवेंत ठिणगी पडणें सोपें असतें. दाबलेल्या वायूंतून ती पडावयास पुष्कळ अधिक व्होल्टेज लागतें. चढावर थ्रॉटल पूर्ण उघडला म्हणजे सिलिंडरमध्यें मिश्रण अधिक भरतें, दाब वाढतो आणि अशक्त कॉइल नेमकी त्याच वेळीं हार खाते. म्हणून सपाटीवर निर्दोष आणि चढावर अडखळणारी गाडी पाहिली, कीं ठिणगीचा संशय सोडूं नये. जुन्या बुलेटसारख्या गाडींत पॉइंट्समधील अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावें लागतें; फिलर गेज नांवाची पातळ पट्ट्यांची जुडी थोडक्या पैशांत मिळते. पॉइंट्स वारंवार जळत असतील तर दोष बहुधा कंडेन्सरचा असतो. आमच्याकडे एक स्थानिक रोग याहून वेगळा आहे. एका बाजूस समुद्र, भोंवतीं खाडी आणि मिठागरें. त्यामुळें हवेंतील खारटपणानें वायरींच्या टोकांवर हिरवट थर चढतो. वायर दिसावयास धड असते, पण वीज तिच्यांतून रडत रडत जाते. पावसाळ्यानंतर सर्व जोड सोडवून, पॉलिश पेपरनें घांसून पुनः घट्ट बसविणें, एवढ्यानेंच कित्येक गाड्या बऱ्या होतात.

आतां पेट्रोल. गाडी तीन-चार किलोमीटर छान चालते, मग मरते, आणि दहा मिनिटें थांबल्यावर पुनः सुरू होते, ही तक्रार फार ऐकूं येते. एकाच लक्षणामागें येथें दोन निरनिराळे दोष लपलेले असतात. एक म्हणजे टाकीच्या झांकणांतील बारीक भोंक बुजणें. आंत हवा शिरत नाहीं, म्हणून पेट्रोल खालीं उतरत नाहीं. दुसरा, तापल्यावर बिघडणारी कॉइल किंवा कंडेन्सर. गाडी मरतांच टाकीचें झांकण उघडावें. फुस्स करून हवा आंत शिरली आणि गाडी लगेच चालूं लागली, तर टांचणीनें भोंक साफ करून घरीं जावें. फरक पडला नाहीं, तर गरम इंजिनावरच ठिणगी पाहावी; ती तेव्हां निस्तेज आणि गार झाल्यावर तेजस्वी दिसली, कीं दुसरा चोर सांपडला. गाडी गार करून गॅरेजांत नेली, तर या दोहोंपैकीं कोणताच दोष तेथें दिसणार नाहीं. मेकॅनिकला खोटें ठरविण्यापूर्वीं त्याला आजारी गाडी दाखविली पाहिजे.

हल्लींच्या पेट्रोलाविषयींहि न्यायानें बोललें पाहिजे. वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल २०२३ पासून विक्रीस येऊं लागलें आणि २०२५ पर्यंत बहुतेक पंपांवर तेंच मिळूं लागलें. इथेनॉलच्या एका लिटरांत पेट्रोलच्या सुमारें दोन-तृतीयांश उष्णता असते. त्रैराशिक मांडून पाहिलें, तर मिश्रणाची उष्णता शेंकडा सहा-सात इतकीच कमी भरते. जुन्या कार्बोरेटरचें जेट शुद्ध पेट्रोलाच्या हिशेबानें पाडलेलें असल्यामुळें मिश्रण थोडें हलकेंहि होतें. चोक किंचित् ओढल्यावर गाडी सुधारली तर तें ओळखावें आणि एक नंबर मोठें जेट घालावें. परंतु गाडीचें ॲव्हरेज निम्म्यावर आलें असेल, तर तें पाप इथेनॉलच्या माथीं मारतां येणार नाहीं. इथेनॉलचा खरा उपद्रव निराळा आहे. तें पाणी शोषून घेतें, आणि पाणी फार झालें म्हणजे त्यासह वेगळें होऊन टाकीच्या तळाशीं बसतें. जुलै २०१८ च्या पुरांत वसई-विरारकडील सखल वस्त्यांत पाणी शिरलें होतें, तसल्या दिवसांत टाकी व फ्लोटची वाटी रिकामी करून एका कांचेच्या बाटलींत पेट्रोल स्थिर ठेवून पाहावें. खालीं वेगळा थर दिसला, तर निदान झालें. जुन्या रबरी नळ्याहि या मिश्रणानें फुगतात. त्या बदलून टाकाव्या.

हवेबद्दल फार बोलावयास नको. फिल्टर मळला असेल तर साफ करावा. तो काढून फेंकून "गाडी मोकळी केली" असें म्हणणारे लोक आहेत. त्यांच्या सिलिंडरमध्यें रस्त्याची धूळ जाते, याची त्यांस फिकीर नसते. दोन स्ट्रोकच्या गाडींत सायलेन्सर काजळीनें तुंबतो, तोहि उघडून पाहावा.

राहतां राहिला दाब, आणि सर्वांत फसवा दोष येथेंच असतो. आमच्या शेजारच्या वाडींतील एका फुलवाल्याची चार स्ट्रोकची गाडी सकाळीं उत्तम निघे आणि स्टेशनाच्या अलीकडे गळून जाई. कार्बोरेटर तीनदां धुऊन झाला होता. "मास्तर, आतां विकून टाकतों," असें तो म्हणाला, तेव्हां मीं त्यास एकच गोष्ट करावयास सांगितलें: गाडी गार असतांना हळूंच किक दाबून पाहा आणि मेल्याबरोबर पुनः दाबून पाहा. गार असतांना किक दगडासारखी जड लागली, तापल्यावर मऊ. झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, तापल्यावर पूर्ण मिटत नव्हत्या. टॅपेट गच्च बसले होते. शिशाविना पेट्रोलांत जुन्या इंजिनाची एक्झॉस्ट झडपेची बैठक हळूहळू झिजते, झडप वर सरकते आणि टॅपेटची सैल नाहींशी होते. विशेष म्हणजे अशा वेळीं टॅपेट मुळींच वाजत नाहींत, आणि मालक त्या शांततेवर खूष असतो. जुन्या बुलेटसारख्या इंजिनांत, तें पूर्ण गार असतांना आणि दोन्हीं झडपा मिटलेल्या असतांना, पुशरॉड दोन बोटांनीं सहज फिरला पाहिजे, पण वरखालीं हलतां कामा नये. फुलवाल्याचे टॅपेट तसे लावून दिले आणि दुसऱ्या दिवशीं त्यानें पहिली लोकल गांठली. पुढें सहा महिन्यांनीं झडपेची बैठक दुरुस्त करावी लागली, तें ठरलेलेंच होतें.

टॅपेट लावूनहि दाब कमीच राहिला, तर प्लगच्या भोंकांतून चमचाभर इंजिन ऑइल आंत सोडून पुनः किक दाबून पाहावी. दाब वाढला तर रिंगा व सिलिंडर झिजले आहेत. न वाढला तर दोष झडपांत आहे. सिलिंडर झिजलाच असेल तर बोअर करून घ्यावा. त्यासाठीं ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर अशा वाढीव मापाचे पिस्टन मिळतात. लेथच्या कारखान्यांत जातांना सिलिंडरबरोबर नवा पिस्टनहि न्यावा, कारण कारागीर त्याचें माप घेऊन मगच सिलिंडर कापतो.