दुसऱ्याच्या डोळ्यांनी किती दिवस वाचावयाचे?

(वर्षावासातील एका पौर्णिमेस बुद्धविहारात एका वकील उपासकाने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. विषय : अंध माणसाने मोबाईल कोणता व कसा घ्यावा?)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. विहारात धम्माविषयी बोलावे, संविधानाविषयी बोलावे. मोबाईलच्या खरेदीविषयी येथे काय बोलावयाचे? परंतु माझे म्हणणे असे की, हा प्रश्न दुकानाचा नसून स्वातंत्र्याचा आहे, आणि स्वातंत्र्याचा प्रश्न या विहाराबाहेरचा कधीच नव्हता.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या घरी सरकारी कागद आला म्हणजे काय होत असे, ते आठवा. तो कागद घेऊन ते गावातील लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाच्या दारी जात, अंगणात उभे राहत, आणि तो जे सांगेल ते खरे मानून कागदावर अंगठा उठवीत. त्या अंगठ्याखाली किती जमिनी गेल्या, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही. दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचणारा मनुष्य दुसऱ्याच्या मर्जीवर जगतो, हा आपला अनुभव आहे. म्हणूनच बाबासाहेबांनी आपणांस सर्वप्रथम शिकावयास सांगितले.

एका काकांची हकीकत

काही वर्षांपूर्वी एक वृद्ध गृहस्थ माझ्याकडे आले. ते जन्मांध. एका कचेरीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून त्यांनी आपली सारी नोकरी केलेली. शेकडो क्रमांक त्यांच्या जिभेवर होते. निवृत्तीनंतर पेन्शन बँकेत जमा होई आणि त्याचा संदेश मोबाईलवर येई. तो संदेश घरातील एक तरुण नातेवाईक त्यांना वाचून दाखवी. जमा झालेली रक्कम तो बरोबर वाची. काढलेल्या रकमेचे संदेश मात्र वाचीतच नसे. काका बँकेत गेले तेव्हा खात्यात जेमतेम एका महिन्याची पेन्शन शिल्लक होती.

कायद्याने जे करता येण्यासारखे होते ते मी केले. काही रक्कम परत मिळाली. प्रकरण मिटल्यावर मी त्यांना म्हणालो, "काका, आता संदेश विश्वासू माणसाकडून वाचून घेत चला." ते शांतपणे म्हणाले, "वकीलसाहेब, तोही विश्वासूच होता. मला माणूस बदलावयाचा नाही, मला स्वतः वाचावयाचे आहे."

सांगावयास लाज वाटते, पण त्या क्षणापर्यंत ही गोष्ट माझ्यासारख्या कायदा शिकलेल्या माणसाच्या ध्यानातही आली नव्हती. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघे मोबाईलच्या दुकानात गेलो. दुकानातील मुलगा काकांकडे न पाहता मला विचारता झाला, "यांना काय दाखवू?" आणि मीही काकांना न विचारताच उत्तर दिले, "मोठ्या बटणांचा साधा फोन दाखवा." काकांनी माझा हात धरला. म्हणाले, "बटणे मोठी हवीत ती कमी दिसणाऱ्याला. मला अजिबात दिसत नाही. मला बोलणारा फोन हवा." त्या दिवशी मी जे शिकलो, तेच आज आपणांपुढे मांडीत आहे.

पूर्वकर्माचा सिद्धांत आणि मनूचा कायदा

अंधत्वाविषयी आपल्या समाजात दोन प्रकारची उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर दैववादी : हे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ. हे उत्तर आपणांस परिचित आहे, कारण अस्पृश्यतेचे समर्थनही याच युक्तिवादाने केले जात असे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत बुद्धाचा नव्हे, असे परखडपणे प्रतिपादन केले आहे. तेव्हा ज्याने दीक्षा घेतली, त्याने शेजारच्या अंध मुलाकडे पाहून "बिचाऱ्याचे भोग" असे म्हणणे म्हणजे सोडलेल्या धर्माला मागील दाराने घरात घेणे होय.

दुसरे उत्तर मनूचे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात जन्मांध आणि बहिरा यांना वारसाहक्कातून वगळले आहे. त्यांना अन्नवस्त्र द्यावे, वाटा देऊ नये. महाडला दि. २५ डिसेंबर १९२७ रोजी ज्या ग्रंथाचे दहन झाले, त्यात अस्पृश्य व स्त्रिया यांच्याबरोबर अंधाचीही गुलामगिरी होती, हे आपण विसरतो. १९२८ च्या कायद्याने ही अपात्रता बऱ्याच अंशी दूर केली. आणि हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम २८ ने रोग, व्यंग वा विकृती यांच्या कारणाने कोणासही वारसा नाकारता येणार नाही, असे ठरविले. हा अधिनियम बौद्धांनाही लागू आहे, आणि ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेब झगडले त्यातूनच तो पुढे आला.

या दोन्ही उत्तरांचे मर्म एकच : अंधाला पोसावे, पण त्याच्या हाती काही देऊ नये. साधा फोन विकत घेऊन देणारा मी त्याच परंपरेत उभा होतो.

फोन निवडताना काय पाहावे?

आता प्रत्यक्ष मुद्द्याकडे वळतो.

पहिली गोष्ट, ज्याला फोन वापरावयाचा आहे त्याला विचारा व त्याला बरोबर न्या. स्पर्शाच्या काचेवर अंध मनुष्य काम करू शकत नाही, हा समज चुकीचा आहे. २००९ साली आयफोनमध्ये 'व्हॉईसओव्हर' आणि अँड्रॉइडमध्ये 'टॉकबॅक' ही वाचक-यंत्रणा आली. तत्पूर्वी अशी यंत्रणा निराळी विकत घ्यावी लागे. आता ती फोनबरोबरच, निराळा पैसा न देता मिळते. काचेवर बोट फिरविले की बोटाखाली काय आहे ते फोन उच्चारतो. बोट उजवीकडे सरकविले की पुढील गोष्टीवर जातो. आणि दोनदा टिचकी मारली की ती गोष्ट उघडते. शिकावयास काही आठवडे लागतात. सायकल शिकतानाही पडावे लागतेच.

ज्यांच्या बोटांना बटणांचीच सवय आहे, त्यांनी बटणांचा फोन अवश्य घ्यावा. परंतु तो काय काय बोलतो, हे तपासावे. पुष्कळ फोन केवळ दाबलेला अंक उच्चारतात आणि आलेला संदेश वाचीत नाहीत. ज्या कामासाठी फोन हवा तेच काम तो करीत नसेल, तर स्वस्ताई काय कामाची? अशा फोनवरून पैसे पाठविण्यासाठी रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये 'यूपीआय १२३ पे' ही सोय सुरू केली आहे, हेही ध्यानात असावे.

दुसरी गोष्ट, पैसे देण्यापूर्वी दुकानातच फोन बोलता करावयास लावा. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी या सदराखाली टॉकबॅक असते. काही स्वस्त फोनांत ते नसते किंवा जुने असते. मग प्ले स्टोअरमधून घ्यावे लागते. सुरू झाल्यावर मराठीतील एखादा संदेश वाचावयास लावा. आवाज मराठीचा आहे की हिंदीचा, हे 'ळ' आणि 'चमच्या'तील 'च' ऐकताच कळेल. ज्याचा फोन, त्याच्याच कानांनी हा निर्णय करावा.

तिसरी गोष्ट, वेग. डोळस माणसाला फोन क्षणभर थांबला तर चालते, कारण त्याला पडदा दिसत असतो. अंध माणसाला मात्र बोट ठेवल्यानंतर आवाज उशिरा आला की आपण कोठे आहोत हेच कळत नाही. म्हणून रॅम निदान ४ जीबी, आणि परवडत असेल तर ६ जीबी असावी. कॅमेऱ्याच्या मोठमोठ्या आकड्यांवर पैसे घालविण्यापेक्षा येथे घालवावेत. कॅमेरा निरुपयोगी आहे असे मात्र नव्हे. रिझर्व्ह बँकेचे 'मनी' हे ॲप १ जानेवारी २०२० पासून उपलब्ध आहे; ते कॅमेऱ्यासमोर धरलेली नोट कितीची आहे ते सांगते, आणि त्यास इंटरनेट लागत नाही. नोट खरी की खोटी हे मात्र ते सांगत नाही. 'बी माय आइज' या ॲपद्वारे दूरच्या स्वयंसेवकाला औषधाची बाटली दाखवून तीवरील मजकूर विचारता येतो.

चौथी गोष्ट, फोनची घडण. आवाजाची बटणे बोटाला स्पष्ट लागली पाहिजेत. बोटाचा ठसा घेणारी जागा काचेखाली असेल तर ती चाचपून सापडत नाही; बाजूच्या बटणात असेल तर सापडते. केवळ चेहरा पाहून उघडणाऱ्या फोनवर विसंबू नये. इअरफोनची खाच असल्यास उत्तम, कारण बँकेचा संदेश चारचौघांत मोठ्याने वाचला जाणे म्हणजे गुपित चव्हाट्यावर येणे. पडदा पूर्ण काळा ठेवून फोन चालविण्याची सोयही आहे. ती आधी शिकून घ्यावी. डोळसाला दिसत नाही आणि अंधाला ऐकू येते, असा हा एकमेव पडदा आहे.

पाचवी गोष्ट, आपल्या बँकेचे ॲप त्याच फोनवर चालवून पाहणे. पुष्कळ ॲप करणारे लोक बटणांना नावे देत नाहीत. मग टॉकबॅक 'बटण, बटण, बटण' एवढेच उच्चारीत राहते. तेथे दोष फोनचा नसतो व वापरणाऱ्याचाही नसतो.

हक्क कोठे मागावयाचा?

मग दोष कोणाचा? येथे कायदा सुरू होतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ प्रमाणे दैनंदिन वापराची इलेक्ट्रॉनिक साधने सर्वांना वापरता येतील अशा रचनेत उपलब्ध होतील, अशी उपाययोजना करणे सरकारवर बंधनकारक आहे. दि. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत. ते सक्तीचेच असले पाहिजेत. आणि दि. ३० एप्रिल २०२५ रोजी, ॲसिडहल्ल्यातील पीडित व अंध अर्जदार यांच्या याचिकांवर, बँका व मोबाईल कंपन्या यांच्या ओळख-पडताळणीसंबंधी निकाल देताना त्याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग मानला. ज्याला डोळे मिचकाविता येत नाहीत, त्याला "डोळे मिचकवा, मगच सिमकार्ड मिळेल" असे सांगणे म्हणजे त्याला दारातच अडविणे होय.

दारात अडविले जाणे म्हणजे काय, हे आपणांस कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

तेव्हा ॲप बोलत नसेल तर बँकेकडे लेखी तक्रार करा व पोच घ्या. दाद न मिळाल्यास पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे अर्ज करा. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा असतो. त्यातून काय झाले, हे ग्रामसभेत विचारा. सगळीकडे अर्ज करीत फिरणे कंटाळवाणे आहे, हे मी जाणतो. परंतु न मागितलेला हक्क कागदावरच म्हातारा होतो.

विहाराचे कर्तव्य

कोणी म्हणेल, आपल्यापुढे रोजगाराचे, शिष्यवृत्तीचे, अत्याचाराचे प्रश्न असताना मूठभर अंधांचा प्रश्न कशाला? याचे उत्तर बाबासाहेबांच्या अखेरच्या वर्षांत आहे. मधुमेहाने त्यांचे शरीर पोखरले होते, दृष्टी मंदावली होती. १९५४ साली जून ते ऑक्टोबर ते अंथरुणास खिळून होते. त्यानंतर दोनच वर्षांनी, दि. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्यांनी आपणांस धम्म दिला. ज्यांच्या पुस्तकांना घर अपुरे पडले, त्यांच्या डोळ्यांनी त्यांना दगा दिला, आणि तरीही लेखन थांबले नाही. मधुमेह आपल्या वस्त्यांत आजही आहे. आज डोळस असलेल्यांपैकी उद्या कोण अंध होईल, हे सांगता येत नाही.

माझी विनंती एवढीच की, या विहारात दर रविवारी एक तास अंध बांधवांना मोबाईल शिकविण्यासाठी राखून ठेवावा. शिकविण्याचे काम काका करतील. होय, तेच काका. परवा त्यांनी मला स्वतः लिहिलेला संदेश पाठविला : "पेन्शन जमा झाली. वाचली. मीच." त्या 'मीच' या शब्दात त्यांनी आपला दिवा आपण लावला आहे, आपण फक्त वाटेतून बाजूला व्हावयाचे आहे.

इतके बोलून मी आपली रजा घेतो. जय भीम!