पायाला सवय लावू या



आम्ही एस. टी.चे कंडक्टर. गाडी भरली की आमचा सगळा वेळ उभ्यानेच जातो. आमची पावले लहानपणापासून सपाट. न्हाणीतून ओल्या पायाने फरशीवर आलो की सगळा तळवा उमटतो. पुष्कळांचा तसा उमटत नाही. टाच उमटते, चवडा उमटतो. मध्ये आतल्या बाजूला जागा कोरडी राहते. तिथे तळव्याची कमान असते. आम्ही उभे राहिलो की ती कमान दिसत नाही.

सपाट पाऊल म्हणजे रोग नव्हे. लहान मुलांची पावले सपाटच असतात. पुढे बहुतेकांची कमान आपोआप तयार होते. मोठेपणीही पाय दुखत नसतील, तर काही करावे लागत नाही. पण आमचे पाय दुखू लागले. संध्याकाळी घोट्याच्या आतल्या बाजूला ठणका लागे. पायरी चढवेना. नोकरी सोडावी, असे मनात येई. पण घरात खाणारी पाच तोंडे. सोडून करणार काय?

शेवटी दवाखाना गाठला. डॉक्टरांनी आम्हाला चवड्यांवर उभे केले. तेव्हा कमान दिसली! डॉक्टर म्हणाले, "पाऊल लवचिक आहे. बुटात आधार घाला." मग पायांचे साचे घेऊन दोन सोल करून दिले. मध्ये उंचवटा, टाचेला खोलगट वाटी. "रोज थोडा थोडा वेळ घाला," असेही ते म्हणाले. ते मात्र आम्ही कानाआड केले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीपासून सोल पायात. तळव्याखाली गोटा ठेवल्यासारखे वाटे. पोटऱ्या भरून आल्या. फोडही आला. तिसऱ्या दिवशी सोल पेटीत गेले. पैसे पाण्यात गेले, असे आम्ही म्हणालो.

तेव्हा आमची कारभारीण म्हणाली, "अहो, नव्या खोंडाला पहिल्याच दिवशी दिवसभर औताला जुंपतात का?"

बोलणे पटले. आधी फोड बरा होऊ दिला. बुटातला मूळचा सोल काढला, म्हणजे पायाला जागा झाली. मग पहिल्या दिवशी घरात एकच तास. दुसऱ्या दिवशी दोन तास. असा रोज एक तास वाढवला. जास्त दुखले, तर दुसऱ्या दिवशी वाढवला नाही. तीन आठवड्यांनी पुरी ड्यूटी सोल घालून केली.

सोल काढले की पाऊल पुन्हा सपाटच. चष्म्याचे जसे, तसे सोलचे. पण ठणका गेला आणि नोकरी टिकली.

मंडळी, पहिल्या दिवसांत थोडे अवघडल्यासारखे वाटते. पोटऱ्या भरून येतात. त्याला भिऊ नका. पण फोड आला, तळव्यावर लाल डाग पडला किंवा कळ आली, तर सोल काढा. ज्यांनी केले त्यांच्याकडे न्या. ते घासून नीट करून देतात. मधुमेह असेल, तर रोज तळवे पाहा. बधिर पायाला फोड कळत नाही आणि जखम चिघळते. सैल चपलेत सोल टिकत नाही. टाच धरणारा बूट हवा.

तुमच्याही पेटीत असे सोल पडले असतील. आज बाहेर काढा. एकच तास घाला. उद्या दोन तास.

राम राम.