श्रीहरिकोट्याची सहल
(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेले भाषण)



२ सप्टेंबर २०२३ रोजी आपल्या शाळेचे विद्यार्थी अग्निबाणाचे उड्डाण पाहण्यास श्रीहरिकोट्यास गेले होते. त्या सहलीची हकीकत सांगण्याची आज्ञा मला झाली आहे. परंतु त्यापूर्वी एक कबुली देणे भाग आहे. सहलीची पहिली यादी मी तयार केली. तीत बावीस नावे होती आणि ती सर्व मुलग्यांची होती. प्रवास लांबचा, मुलींचे पालक परवानगी देणार नाहीत, असे मी कोणालाही न विचारता ठरवून टाकले होते. यादी फळ्यावर लागली तेव्हा नववीतील एक मुलगी म्हणाली, "सर, अग्निबाण मुलींना दिसत नाही का?" मला उत्तर सुचले नाही. मग आम्ही घरोघर गेलो. आठ मुलींना परवानगी मिळाली, दोन शिक्षिकाही निघाल्या. जिने प्रश्न विचारला, तिच्या वडिलांनी मात्र नकार दिला.

चेन्नईस मुक्काम करून, फजरची नमाज होताच आम्ही बसने उत्तरेकडे निघालो. सुल्लुरपेटा सोडल्यावर रस्ता पुलिकत सरोवरातून जातो. दोन्ही बाजूंना उथळ पाणी आणि पुढे श्रीहरिकोटा बेट. याच जागेची निवड का, असे एका मुलाने विचारले. पूर्वेस बंगालचा उपसागर आहे, त्यामुळे जळून गेलेले टप्पे वस्तीवर न पडता समुद्रात पडतात. शिवाय पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, त्या गतीचा पूर्वेकडे जाणाऱ्या अग्निबाणास लाभ मिळतो. १९७१ साली येथून पहिला लहान अग्निबाण उडाला. आम्ही पाहिला तो पीएसएलव्ही ४४ मीटर उंच व सुमारे ३२० टन वजनाचा होता. सूर्याचा अभ्यास करणारे 'आदित्य-एल१' हे यान त्यावर होते.

ठीक ११ वाजून ५० मिनिटांनी झाडांच्या शेंड्यांवर उजेड दिसला. आवाज नाही, फक्त उजेड. काही सेकंदांनी आवाज आला आणि छातीत हादरा बसला. प्रकाश आधी व ध्वनी मागून, हे पुस्तकातले वाक्य त्या दिवशी मुलांना वेगळे शिकवावे लागले नाही. थोड्याच वेळात अग्निबाण ढगांत दिसेनासा झाला.

मुले उठू लागली. मी त्यांना थांबविले, कारण यान अग्निबाणापासून वेगळे होण्यास एक तासाहून अधिक वेळ लागणार होता. ते काम यशस्वी झाल्यावर पडद्यावर एक महिला बोलावयास उभी राहिली. प्रकल्प संचालक निगार शाजी. तमिळनाडूतील सेंगोट्टाई या गावच्या शेतकरी कुटुंबातील ही मुलगी अभियांत्रिकी शिकून १९८७ साली इस्रोत दाखल झाली. आमच्यातील एका मुलीने हळूच विचारले, "सर, ह्या आपल्यातल्याच ना?" मी होय म्हणालो, पण मला माझी पहिली यादी आठवत होती.

परतीच्या वाटेवर आम्ही सफरीतली जोहरची कसर नमाज अदा केली.

६ जानेवारी २०२४ रोजी ते यान पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर आपल्या ठिकाणी पोहोचले. त्या आठवड्यात वर्तमानपत्र घेऊन मी मागे राहिलेल्या मुलीच्या घरी गेलो. वडिलांनी बातमी शेवटपर्यंत वाचली. मग म्हणाले, "सहलीचं राहू द्या, गुरुजी. दहावीनंतर सायन्सला जाईन म्हणते. कॉलेज तालुक्याला, बस सकाळी सातची, थांब्यावर एकटीच असणार. त्याचं काय ते सांगा."

इल्म मिळविणे स्त्री-पुरुष दोघांवर फर्ज आहे, हे आपण दरवर्षी याच व्यासपीठावरून सांगतो. त्या बापाने ते नाकारले नाही. त्याने सातच्या बसचे विचारले. या सभागृहात दहावीतील मुलींचे अनेक पालक बसले आहेत. चार-पाच घरांनी ठरविले तर थांब्यावर कोणतीही मुलगी एकटी उभी राहणार नाही. पाससाठी संस्थेने थोडी मदत करावी, अशी अध्यक्षांना माझी नम्र विनंती आहे. कार्यक्रम संपल्यावर मी दाराशी वही घेऊन उभा राहीन. ज्यांच्या मुलींना पुढे शिकावयाचे आहे त्यांनी नावे द्यावीत. या वेळची यादी मी विचारून करणार आहे.

आपली रजा घेतो. खुदा हाफिज.