निर्णय आणणारी भाषा



आज मला मिळालेली सगळी मिनिटं मी एकाच शब्दावर खर्चणार आहे. इंग्रजीतला ‘डिसिजन’. हा शब्द मॅसेडोनियन भाषेत न्यायला घेतला की त्याच्या वाटा फुटतात, आणि कोश घेऊन बसलेला माणूस नेमका तिथे चुकतो.

मीही चुकलो होतो. मॅसेडोनियाच्या राजधानीत, स्कोप्येत राहत असताना मुक्कामाच्या परवान्यासाठी एका कचेरीत अर्ज केला होता. काही आठवड्यांनी कागद हातात पडला. वर मधोमध ठळक अक्षरांत एकच शब्द, ‘रेशेनिये’. खिशातल्या कोशात त्यापुढे ‘सोल्यूशन’ दिलेलं. म्हणजे गणिताचं उत्तर, कोड्याची उकल. खिडकीपाशी उभं राहून मी तो कागद दोनदा वाचला. माझं कुठलं कोडं यांनी सोडवलं, ते कळेना. रांगेतल्या एका आजींनी न बोलता खालच्या शिक्क्यावर बोट ठेवलं, तेव्हा उमगलं. आपल्याकडे मंत्रालयातून ‘शासन निर्णय’ निघतो ना, त्या जातीचा हा कागद.

कोशाने खोटं सांगितलं नव्हतं, अर्धं सांगितलं होतं. माणूस मनाशी ठरवतो किंवा सभा ठरवते, ती ‘ओद्लुका’. कचेरीतून सही-शिक्क्यानिशी येतं ते बहुधा ‘रेशेनिये’. न्यायाधीश देतात तो निकाल ‘प्रेसुदा’. इंग्रजीत या तिन्हींवर ‘डिसिजन’ची एकच टोपी चालून जाते. तिथे चालत नाही.

आणि ‘रेशेनिये’ हा साधासुधा शब्द नाही, बरं का. २ ऑगस्ट १९४४ रोजी, युद्ध चालू असताना, प्रोहोर प्चिन्स्कीच्या मठात आस्नोम ही मॅसेडोनियाच्या मुक्तिलढ्याची सभा भरली आणि मॅसेडोनियन ही राज्याची अधिकृत भाषा ठरली. त्या ठरावाच्या कागदाचं शीर्षक ‘रेशेनिये’च आहे. पुढच्या वर्षी, १९४५च्या मे महिन्यात एकतीस अक्षरांची लिपी मुक्रर झाली, जूनमध्ये शुद्धलेखनाचे नियम. लेखक क्र्स्ते मिसिर्कोव यांनी या भाषेची बाजू आपल्या पुस्तकात मांडली होती १९०३ मध्ये. म्हणजे चाळीस वर्षं वाट पाहिलेला निर्णय या एका शब्दाखाली उतरला. त्याला नुसतं ‘सोल्यूशन’ कसं म्हणायचं?

आता जरा स्वयंपाकघरात चला. मेथीची जुडी समोर घ्या. आधी काय करतो आपण? जुडीचा बंध सोडतो. ‘रेशेनिये’च्या मुळाशी हेच आहे, गाठ सोडणं. म्हणून गणित सुटतं तेही रेशेनिये आणि अर्ज निकाली निघतो तेही रेशेनिये. आपणही गणित सोडवतोच की. मग पान देठापासून वेगळं करायचं. ‘ओद्लुका’ तिथली. जुन्या स्लाव्ह भाषेत त्या मुळाचा अर्थच वेगळं काढणं. आणि जुडी निवडायची, तो ‘इज्बोर’. त्यातला ‘बेरे’ म्हणजे खुडणं, वेचणं. द्राक्षांच्या तोडणीलाही हेच क्रियापद लागतं. गंमत पाहा, त्यांची निवडणूक म्हणजे ‘इज्बोरि’, वेचण्यातून आलेली. आपली निवडणूकही निवडण्यातूनच आली.

जुडी अजून बाजूला ठेवू नका. तुम्ही वर्तमानपत्र पसरून बसला आहात, देठांचा ढीग एकीकडे, पानं दुसरीकडे, काम चालू आहे. हे ‘ओद्लुचुवा’, ठरवणं चाललंय. शेवटची काडी झाली, हात झटकले, हे ‘ओद्लुचि’, ठरवलं. मी हे डोळ्यांनी पाहिलं किंवा मला त्याची खात्री आहे. आणि तुम्ही संध्याकाळी घरी आलात, चाळणीत निवडलेली मेथी दिसली, पण निवडताना कुणाला पाहिलं नाही. तर ‘ओद्लुचिल’. ठरवलंय म्हणे. शेवटी एक ‘ल’ लागला आणि बोलणारा सांगून मोकळा झाला, की मी तिथे नव्हतो, हे ऐकीव आहे किंवा खुणेवरून ताडलेलं आहे. आपल्याला ‘म्हणे’ वेगळं लावावं लागतं, त्यांच्याकडे ते क्रियापदाच्या पोटातच. इंग्रजी ‘डिसायडेड’मधून यातलं काहीएक कळत नाही.

म्हणूनच नवीन भाषा शिकणाऱ्या मुलामुलींसाठी मुद्दाम सांगतो. नाम एकटं पाठ करू नका. त्याच्यासोबत चालणारं क्रियापद घ्या. इंग्रज डिसिजन ‘मेक’ करतो. आपण निर्णय घेतो, न्यायालय निर्णय देतं. मॅसेडोनियन माणूस ओद्लुका ‘आणतो’, ‘दोनेसे’. न्यायालयसुद्धा प्रेसुदा आणतंच. इंग्रजीवरून गेलेला विद्यार्थी हमखास ‘प्रावि ओद्लुका’ म्हणतो, म्हणजे निर्णय बनवतो. मराठीत कुणी ‘मी निर्णय बनवला’ म्हटलं तर कानाला जसं लागेल, तसंच ते तिथे लागतं.

आणि थोडं रागावूनही सांगतो. आपल्याजवळ ठराव आहे, निकाल आहे, निवाडा आहे, निश्चय आहे, बेत आहे. प्रत्येकाची जागा वेगळी. निकाल लागतो, ठराव मंजूर होतो, बेत आखतो. तरी घरोघरी ऐकू येतं, ‘आम्ही डिसिजन घेतलं.’ साखरपुड्याचंही डिसिजन आणि गॅलरीला रंग कुठला द्यायचा याचंही डिसिजन! वीस लाखांच्या आसपास वस्तीचा देश हे शब्द वेगवेगळे सांभाळतो, बाबांनो.

स्टुडिओच्या काचेपलीकडून हात वर झाला आहे. दोन शब्द राहिलेच. मनाचं ठरत नसेल तर तिथला माणूस ‘से द्वोउमि’. ‘उम’ म्हणजे मन, बुद्धी. आणि ‘द्वो’ म्हणजे आपलाच ‘द्वि’, त्याच जुन्या घराण्यातला. आणि ठरवलेलं फिरवलं तर ‘से प्रेमिस्लि’. यात ‘मिस्लि’ म्हणजे विचार करणं, आणि ‘प्रे’ हा उपसर्ग जो आहे, तो दुसऱ्या क्रियापदांना लागला की काय होतं, ते मला खरं तर... पण वेळ झाली.