साखरेचे दार
(संस्थेच्या वार्षिक सभेत रुग्णालय प्रशासकांनी केलेले भाषण)



जमाखर्च सादर झाला. आता एका आजाराविषयी दोन शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, वैद्यकशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. परंतु पावसाळ्यात हिवतापाचे गंभीर रुग्ण दाखल होतात, तेव्हा नातेवाईक आम्हालाच विचारतात, "ताप मलेरियाचा, मग रात्री-अपरात्री साखर कशाला तपासता? बिल वाढवायला?" या शंकेचे निरसन करणे आम्ही आमचे कर्तव्य मानतो.

हिवतापाचा जंतू तांबड्या रक्तपेशीत वाढतो. हिशेबाच्या भाषेत त्याचे पोट हातावर आहे. आपले शरीर यकृतात साखरेची गंगाजळी राखते. या जंतूजवळ तशी शिल्लक नसते. तो क्षणोक्षणी आपल्या रक्तातील साखर उचलतो. बाधित पेशीचा साखरेचा खप निरोगी पेशीच्या शंभर पटींपर्यंत जाऊ शकतो. त्यात रुग्णाच्या पोटात अन्न नसते, यकृत थकलेले असते, आणि क्विनीन दिल्यास इन्सुलिन वाढून साखर आणखी घसरते. मूल शांत झोपले असे आईला वाटते. प्रत्यक्षात ते ग्लानीत गेलेले असू शकते. बोटातून काढलेला रक्ताचा एक थेंब हा फरक सांगतो.

जंतूची ही परावलंबी वृत्ती हेच त्याचे वर्म आहे. साखर आत घेणारे त्याचे प्रथिनरूपी दार लंडनच्या सेंट जॉर्जेस येथील संजीव कृष्णा यांच्या गटाने १९९९ मध्ये ओळखले. २००३ मध्ये ते दार अडवणाऱ्या एका रसायनाने प्रयोगशाळेतील जंतू मेले आणि उंदरांतील हिवतापाच्या जंतूंची वाढ रोखली गेली. २०२० मध्ये स्टॉकहोम व बीजिंग येथील शास्त्रज्ञांनी त्या दाराची अणूअणूची रचना उलगडली.

अडचण एवढीच, की आपल्या रक्तपेशींना आणि मेंदूलाही अशाच जातीच्या दारांतून साखर मिळते. चोराचे दार बंद करताना घरधन्याचे बंद होता कामा नये. रसायन बसल्यावर जंतूच्या दारात एक जादा खोबण उघडते, असे बीजिंगच्या अभ्यासात दिसले. तिच्यात नेमके बसेल असे कुलूप घडवण्याचे प्रयत्न सुरू आहेत. ते औषध अद्याप रुग्णशय्येपर्यंत आलेले नाही. परंतु त्याची निकड मोठी आहे. क्लोरोक्विन अनेक देशांत निष्प्रभ ठरले. आर्टेमिसिनिनला दाद न देणारे जंतूही प्रथम कंबोडियात आणि पुढे पूर्व आफ्रिकेत आढळले.

ते कुलूप तयार होईपर्यंत आमच्या हाती दोन गोष्टी आहेत : वेळेवर दिलेले आर्टेसुनेटचे इंजेक्शन आणि साखरेवरील डोळ्यांत तेल घालून ठेवलेला पहारा. गरजू रुग्णांच्या साखर तपासणीच्या पट्ट्यांचा खर्च आपल्या देणग्यांतून भागतो. ताळेबंदात ती रक्कम किरकोळ खर्चात मोडते. मध्यरात्री वॉर्डात मात्र तिचे मोल एका जिवाएवढे असते.

नातेवाइकांना आमची एकच विनंती : तापाचा रुग्ण घामाघूम झाला, बरळू लागला अथवा हाक मारूनही जागा होईना, तर झोप समजून थांबू नका, तत्काळ परिचारिकेला बोलवा.